हौश्याच्या गळ्यातला पट्टा

पोळ्याच्या दिवशी मी पुरणाला हात लावत नाही. घरच्यांना आता सवय झाली आहे, पण नवी सून आली की पहिल्या वर्षी विचारतेच, "आत्याबाई, सगळ्या गावात पुरणाचा वास सुटलाय, तुमी कावून अशा रुसल्यावानी बसता?" मी सांगते, तुम्ही शिजवा, तुम्ही खा, मला तेवढं वाटीभर करडीचं तेल, एक मऊ फडकं आणि खुंटीवरचा पट्टा काढून द्या. मग मी उंबऱ्याशी बसून पट्ट्याला तेल लावते. चार बोटं रुंद कातड्याचा पट्टा आहे, कधीकाळी तांबूस असेल, आता काळा पडलाय. एका टोकाला पितळेची चकती, दुसऱ्या टोकाला पितळेचं कडं. मधे सात भोकं आहेत, ओबडधोबड, खिळा तापवून पाडलेली. बघणाऱ्याला वाटतं, पट्टा आवळायची भोकं असतील. तशी नाहीत. ती घुंगरं ओवायची भोकं आहेत. माणसाच्या कमरेच्या पट्ट्याला घुंगरं कशाला, तेच मला इथं सांगायचं आहे. नातवंडांना वाटतं, म्हातारी तेल लावता लावता तिच्या आजोबांची आठवण काढते. काढते, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मी एका माणसाची फजिती पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा डोळ्यांपुढं आणते, आणि मला बरं वाटतं. आमच्या विहारात येणारे मास्तर म्हणतात, या वयात सगळ्यांशी मैत्रीभावना ठेवावी. मी ठेवते. एक घर सोडून.

आमचं गाव केजहून युसूफ वडगावकडं जाताना आडवाटेला लागतं. बहात्तरच्या त्या मोठ्या दुष्काळात मी बारा-तेरा वर्षांची असेन. घरात आबा म्हणजे माझे आजोबा, आजी, माय आणि मी. दादा, माझा बाप, ऊसतोडीला खाली साखर कारखान्यांकडं गेलेले आणि त्या साली परतलेच नाहीत, कारण परत येऊन करायचं काय? शेतात बघावं तिकडं नुसती ढेकळं. विहिरीत पोहरा सोडला की पाण्याचा आवाज यायचा नाही, दगडावर पत्रा खरवडल्याचा यायचा. तो आवाज ऐकून अजून माझे दात शिवशिवतात. पहाटे जातं मात्र चालायचं. जात्यात असायची लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, सोसायटीच्या गोदामातून गोणीनं मिळणारी. तिचं पीठ कोमट पाण्यात मळलं तरी भाकर तव्यावर टाकताना चिरायची, आणि खाताना भुसा चावल्यासारखं वाटायचं. सोबत तरवट्याचा पाला, मीठ घालून शिजवलेला. माय म्हणायची, "गिळ, चव बघू नकू." गोणीसुद्धा वाया जायची नाही. त्या मऊसूत पांढऱ्या कापडाचा मायनं मला परकर शिवला होता. त्याच्यावर निळ्या शाईत इंग्रजी अक्षरं आणि आकडे छापलेले, धुऊन धुऊन निघायचे नाहीत. मी शाळेत गेले नव्हते. पण बसल्या बसल्या त्या परकरावरच्या आकड्यांवरून बोट फिरवायची. एक आकडा खुरप्यासारखा होता, एक पाण्यावर बसलेल्या बदकासारखा. ते काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं, रूपं मात्र तोंडपाठ.

आबा कमरेला सुतळी बांधायचे. धोतरावर जाडी सुतळी, पुढं गाठ. लग्नाकार्यात कुणी म्हटलं, आबा, जरा बरा करदोडा तरी बांधा, तर ते उत्तरच द्यायचे नाहीत. तसे ते कमी बोलणारे, उंच, पाठ अगदी ताठ. वर्षातला एक दिवस मात्र ते भिंतीकडं तोंड करून बसायचे, आणि तो दिवस पोळ्याचा. वेशीकडून हलगी वाजायला लागली की आबांनी पाठ फिरवलीच. लहानपणी मला वाटायचं, म्हाताऱ्याला बैलांची भीती वाटत असावी. एकदा मी हसले तर आजीनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की दोन दिवस निळं राहिलं. त्या दिवशी संध्याकाळी तिनं मला सगळं सांगितलं. आबांनी स्वतः ते कधीच कुणाला सांगितलं नाही.

आबा तरुणपणी इंग्रजांच्या पलटणीत गेले होते, पहिल्या महायुद्धात. आगबोटीनं बसऱ्याकडं गेले, तीन-चार वर्षांनी जिवंत परत आले. अंगात खाकी सदरा आणि कमरेला हा पट्टा. गावात शिरले तो दिवस नेमका पोळ्याचा. वेशीत सगळे बैल उभे, पाटलाचा मानाचा बैल सगळ्यांत पुढं, आणि त्याच वेळी आमच्या वस्तीतला एक पोरगा पट्टा चमकवत, बूट वाजवत समोरून येतोय. आबांच्या डोक्यात तसं काहीच नव्हतं. पलटणीत सगळे तसेच चालतात, तसे ते चालत आले. एवढीच त्यांची चूक. पाटील म्हणाले, "का बे सटव्या, हे काय कमरेला? ह्ये तुज्या कमरंला शोभत न्हाई, माज्या बैलाला शोभंल. सोड." आबांनी स्वतःच्या हातानं पट्टा सोडला. हिसकावून घेतला असता तर बरं झालं असतं, आजी म्हणायची, पण त्यांना स्वतःच्या हातानं सोडावा लागला. बैलाची मान जवान माणसाच्या कमरेहून जाड, पट्टा पुरेना. तेव्हा मधे सुतळी घालून दोन टोकं बांधली आणि बैल वाजतगाजत वेशीतून आत गेला. पुढच्या वर्षी त्याला घुंगरं लावली. तेव्हापासून दर पोळ्याला तो पट्टा पाटलाच्या मानाच्या बैलाच्या गळ्यात, आणि आबा भिंतीकडं तोंड करून. बैल बदलत गेले, पाटील मेला, त्याचा मुलगा सोसायटीचा चेअरमन झाला, पण पट्टा तोच. हळूहळू चेअरमननं सांगायला सुरुवात केली की आमचे आजोबा निजामाच्या रिसाल्यात रिसालदार होते, त्यांचा हा पट्टा. म्हाताऱ्या माणसांना खरं ठाऊक होतं. ती गप्प बसली. तरुणांना खरं कुणी सांगितलंच नाही.

आबांजवळ लढाईतली एकच वस्तू उरली होती, चांदीचा बिल्ला. राजाचं डोकं असलेला. तोही त्यांच्याजवळ नव्हता, आजीच्या गळ्यात होता. बायका गळ्यात जुने रुपये ओवतात तसा तिनं तो काळ्या दोऱ्यात ओवला होता आणि चोळीच्या आत ठेवायची. मी तिच्याजवळ झोपायची तेव्हा तो बिल्ला माझ्या गालाला लागायचा. त्याच्या कडेवर बारीक बारीक खुणा होत्या. नखानं चाचपून बघायचा मला नाद. बदक, खुरपं, काठी, आणि मग एक उलटी ठेवलेली खुर्ची. त्याच्या पुढं अक्षरं.

दुष्काळ वाढला तशी सोसायटीनं गोदामापाशी गुरांची छावणी उघडली. पंचक्रोशीतली जनावरं तिथं आली. दिवसभर हंबरडे ऐकू यायचे, आणि उसाच्या वाढ्याची, म्हणजे हिरव्या शेंड्यांची, गाडी दिसली की ते सगळे एकदम वाढायचे, कान बधिर व्हायचे. शेण काढायचं काम आमच्या वस्तीतल्या बायापोरींना दिलं होतं. दिवसाला थोडी मिलो आणि ओंजळभर सुकडी, म्हणजे सरकारी गोडसर भाजलं पीठ. त्या सुकडीसाठी मी मरणाची धावायची. तिथंच चेअरमनचा बैल होता, हौश्या. पांढराशुभ्र, देखणा, मालकासारखाच गर्विष्ठ. छावणीच्या उद्घाटनाला पुढारी येणार म्हणून चेअरमननं त्याच्या गळ्यात तो पट्टा बांधला, आणि मग काढलाच नाही. पट्टा दिसला की वाढं वाटणाऱ्यांना कळायचं, हा साहेबांचा बैल, याला आधी टाकायचं. बाकीची जनावरं एकमेकांची दावी चाटत उभी, आणि हौश्यापुढं वाढ्याची पेंढी.

एका सकाळी मी त्याच्याजवळचं शेण काढत असताना त्यानं मान खाली घातली आणि पट्ट्याची चकती माझ्या डोळ्यांसमोर उलटी झाली. मागच्या बाजूला ठोकलेलं होतं: बदक, खुरपं, काठी, उलटी खुर्ची. पाटी तिथंच टाकून मी धावत घरी गेले. आजी जात्यावर होती. मी काही न बोलता तिच्या चोळीत हात घातला, बिल्ला बाहेर काढला, कड बघितली. तिनं मला रट्टा घातला. मग मी सांगितलं. तिचा हात जात्याच्या खुंट्यावरच थांबला. रडेल असं वाटलं. ती रडली नाही. म्हणाली, "शेवंते, कुणाला बोलू नकू. इतके दिस आपण आपलं म्हणायचो आन् ते त्यांचं. आता पितळ म्हणायलंय. आता बघते त्याला." त्या दिवसापासून दळताना ती ओव्या म्हणायची सोडून एकच म्हणायची, "येऊ दे दिस, येऊ दे दिस," आणि जातं असं फिरवायची की मिलोचं पीठ मैद्यासारखं बारीक पडायचं. माझ्याही मनात दुसरं काही उरलं नाही. भूक होती, ती होतीच. पण झोपताना मी हौश्याच्या गळ्यातनं पट्टा निघताना बघायची.

दिवस आला तो मात्र आम्हाला वाटला तसा नाही. हौश्या मेला. वाढं खाऊन पोट फुगलं आणि एका दुपारी आडवा झाला तो उठला नाही. पट्टा गळ्यातच.

आता एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मेलेलं जनावर गावाबाहेर ओढून न्यायचं काम पिढ्यान् पिढ्या आमच्या वस्तीचं होतं. आणि रीत अशी की जनावराच्या अंगावर जे असेल ते, कातडं, शिंगं, गळ्यातली घंटा, कासरा, सगळं ओढणाऱ्याचं. मालकानं मेलेल्या जनावराला हात लावायचा नाही, अंगावरचं काही काढायचं नाही. आम्ही बौद्ध झालो त्या वर्षी वस्तीनं हे काम सोडलं, सगळ्यांनी मिळून शपथ घेऊन. ते चेअरमनच्या मनात सलत होतंच. त्यानं आपल्या सालगड्याला आमच्या दारात पाठवलं. गडी लांब उभा राहून म्हणाला, "सटवा आबा, मालकानी सांगितलंय, हौश्याला वढून न्या. पट्ट्यासकट न्या. पट्टा तुमचाच हाय म्हनं, रीतीनं तुमाला मिळतोय, घ्या."

काय डोकं बघा माणसाचं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्या घरानं कबूल केलं की पट्टा आमचा, आणि तेही कशासाठी, तर आम्ही पुन्हा मढी ओढावीत म्हणून.

गडी गेला आणि घरात भांडण पेटलं. आजी म्हणाली, "एक डाव वढा. एकच डाव. पट्टा घरात येईल, मग कवाच न्हाई."

आबा म्हणाले, "न्हाई."

"तुमी नका जाऊ. मी जाते, शेवंताला घेऊन. कुणी बघत न्हाई."

"समदं गाव बघंल. त्येच्यासाठीच तर बोलवलंय." आबांनी कमरेची सुतळी जरा आवळली. "पट्टा माजा हाय. माजीच वस्तू मला मढ्याची मजुरी म्हणून नगं."

माय चुलीपाशी बसली होती. ती आदळआपट करत म्हणाली, "मजुरी नगं, पट्टा नगं, आन् उद्याच्याला मिलो बंद झाली मंजी काय खायचं? सुतळी?" मायचं म्हणणं खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामावर आमच्या वस्तीला सांगण्यात आलं, मिलो संपली. आमच्या मागं उभ्या असलेल्यांना मिळाली. शेण काढायलाही दुसऱ्या बाया आणल्या. दोन दिवस आम्ही नुसता पाला खाल्ला. वस्तीतल्या बाया आमच्या दाराकडं बघत जायच्या, तोंडानं काही म्हणायच्या नाहीत, आणि ते जास्त लागायचं. आबा एकदा जरी म्हणाले असते, जा, ओढा, तर सगळी वस्ती धावली असती. मी तेव्हा त्यांच्यावरही चिडले होते. आज कळतं, पाल्यावर दिवस काढत ते कशाला धरून बसले होते.

तिकडं हौश्या तिथंच पडलेला. त्या उन्हात तिसऱ्या दिवशी त्याचा असा वास सुटला की छावणीतली जनावरं दावी तोडायला लागली. बाहेरगावच्या मालकांनी ओरडा सुरू केला. चेअरमनच्या घरचं कुणी हात लावेना, रीतच नव्हती ना. आणि त्याच दिवशी केजहून नायब तहसीलदार साहेब छावणी बघायला आले. सावळा, ठेंगणा माणूस, आधी फौजेत होता, चालण्यावरनंच कळायचं. आजी म्हणाली, "चल," आणि माझा हात धरून निघाली. आम्ही गर्दीच्या कडेला उभ्या राहिलो.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "हे जनावर इथं किती दिवस पडलंय?"

चेअरमन म्हणाला, "काय सांगू साहेब, ते लोक आता वढत न्हाईत. लई माजलेत."

"त्यांनीच ओढायचं असं कुठं लिहिलंय? बैल तुमचा, छावणी तुमच्या सोसायटीची. दिवस मावळायच्या आत पुरला नाही, तर छावणी काढून दुसऱ्या सोसायटीला देतो."

गर्दीत कुजबुज झाली. साहेब वाकून बघायला लागले. "हा पट्टा कुठला?"

आणि चेअरमनला काय सुचावं! इतक्या वर्षांची सवय. छाती काढून म्हणाला, "आमच्या आजोबांचा, साहेब. निजामाच्या रिसाल्यात रिसालदार व्हते."

"रिसालदार?" साहेब हसले. "हा पायदळातल्या साध्या शिपायाचा पट्टा आहे. घोड्यावरच्या माणसाचा नाही. शिपाई पितळेच्या मागं आपला नंबर ठोकतो, अदलाबदल होऊ नये म्हणून. काय नंबर आजोबांचा?"

"रिसालदाराला कशाचा नंबर, साहेब?"

आजीनं मला पाठीत असा धक्का दिला की मी थेट साहेबांच्या पुढ्यात. "मला ठावं हाय," मी म्हटलं.

"सांग."

आता सांगू काय? मला आकड्यांची नावंच माहीत नव्हती. मी वाढ्याचं एक टिपरं उचललं, खाली बसले आणि धुळीत काढलं: बदक, खुरपं, काठी, उलटी खुर्ची. आयुष्यात मी लिहिलेली ती पहिली गोष्ट. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग धुळीकडं, मग चेअरमनकडं. "पट्टा काढा."

चेअरमननं गड्याकडं बघितलं. गडी दोन पावलं मागं सरला. "मालक, मला न्हाई जमायचं." भाऊबंदांकडं बघितलं, ते दुसरीकडं बघायला लागले. शेवटी चेअरमन स्वतः उपरण्यानं तोंड बांधून वाकला. बैलाची मान सुजून सुतळी कातड्यात रुतलेली, विळ्यानं कापावी लागली. मला त्या विळ्याचा आवाज आठवतो, कुर्र कुर्र. माझ्या आजीचा श्वास आठवतो. साहेबांनी रुमालानं चकती पुसली, उलटी केली आणि धुळीतल्या आकड्यांशी ताडून बघितली. "दोन, सात, एक, चार," ते म्हणाले. तेव्हा मला कळलं, बदकाचं नाव दोन.

"साहेब, पोरगी रोज शेण काढती इथं," चेअरमन ओरडला, "बघून पाठ केलं असंल!"

"ही रोज काढते, मान्य," आजी पुढं आली. तिनं सगळ्यांदेखत चोळीतून दोरा ओढून काढला आणि बिल्ला साहेबांच्या हातावर ठेवला. "माझ्या गळ्यात ह्ये पन्नास वर्सं हाय. ह्येच्यावर शेण न्हाई पडलं. वाचा." साहेबांनी बिल्ल्याची कड उजेडात धरून सावकाश वाचली. तोच नंबर, आणि पुढं इंग्रजीत, शिपाई सटवा. आजी चेअरमनकडं वळली. "परवाच्याला तुमचा गडी आमच्या दारात काय म्हनला? पट्टा तुमचाच हाय, म्हनला का न्हाई? आन् आज साहेबापुढं तुमच्या आज्याचा झाला?" गडी मान खाली घालून उभा. तो नाही म्हणाला नाही, एवढे उपकार त्याचे मी मानते.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. माय आबांना घेऊन येत होती. होय, तीच माय, सुतळी खायची का म्हणणारी. कुणी तरी घरी निरोप दिल्याबरोबर तिनं म्हाताऱ्याचा दंड धरून त्याला जवळजवळ पळवतच आणलं होतं. साहेबांनी विचारलं, "बाबा, नंबर काय?" आबांच्या टाचा एकदम जुळल्या. "दो सात एक चार, सिपाही सटवा," ते म्हणाले, इतक्या मोठ्यानं की मी दचकले. आमच्या घरात तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

साहेब पट्टा त्यांच्या हातात द्यायला लागले. आबांनी हात मागं घेतले. "साहेब, ह्येच्या बापानं मला वेशीत सोडायला लावला. मी माज्या हातानं सोडला. आता ह्येनं त्येच्या हातानं बांधावा." आणि आबांनी कमरेची सुतळी सोडून खाली टाकली, एका हातानं धोतर धरलं आणि दोन्ही कोपरं वर केली, शिंप्यापुढं माप द्यायला उभं राहावं तसे.

बाहेरगावचे मालक ओरडले, "बांधा की राव! आमची जनावरं मरायलीत हितं!" "बांध अन् मिटव बाबा एकदाचं!" चेअरमननं साहेबांच्या हातातून पट्टा घेतला. मग पुढं झाला. मेलेल्या बैलाच्या गळ्यातला, वास मारणारा तो पट्टा त्यानं आबांच्या कमरेमागून फिरवला. त्यासाठी त्याला आबांच्या पोटाशी तोंड आणावं लागलं. आणि चकती काही कड्यात बसेना. समोरून दाबली, वरून दाबली, खालून दाबली. पन्नास वर्षांत त्यांच्या घरात ही दोन टोकं एकमेकांना कधी भेटलीच नव्हती. बैलाच्या मानेला ती पुरलीच नव्हती. त्या घरात कुणालाही तो पट्टा लावता येत नव्हता, आणि सांगत होते, आमच्या आज्याचा! मागून एक जण हसला, मग दहा. घुंगरं वाजत होती, चेअरमनच्या कपाळावरून घाम आबांच्या धोतरावर ठिबकत होता आणि आबा समोर बघत उभे होते. त्यांनी मदत केली नाही. सांगितलंही नाही. मनात आणलं असतं तर एका क्षणात सुटका केली असती. त्यांनी त्याला तिथं वाकवून ठेवलं, पोटभर. माझा देवावर विश्वास नाही, पण त्या दुपारी कुणी तरी घड्याळ थांबवलंय असं वाटत होतं, आणि मी मनात म्हणत होते, थांबव, आणखी थांबव.

मग आबांनी त्याचे हात बाजूला केले. चकती जराशी तिरपी धरून कड्यात सरकवली, सरळ केली. खट. एवढंच. "आता तुमचा बैल तुमी वढा," ते म्हणाले आणि घराकडं चालू लागले.

आम्ही बाया मात्र थांबलो. चेअरमन, त्याचे दोन भाऊ आणि गडी, चौघांनी हौश्याला दोर बांधला. त्यांना येईना. आजी कडेला कमरेवर हात ठेवून उभी, मोठमोठ्यानं सांगत होती, "पुढल्या पायास्नी बांध रं! शेपूट कावून धरलंय? वढायची रीत हाय त्येला! दम लागला का? आमचे म्हातारे दुपारच्या उन्हात उपाशी वढायचे!" ढकलत, घसरत, नाक दाबत ते त्याला माळापर्यंत नेत होते, आणि आजी माळापर्यंत त्यांच्या मागं चालत सूचना देत गेली. आयुष्यात मी तिला इतकं खूश कधी पाहिलं नाही, माझ्या लग्नातसुद्धा.

याची किंमत आम्ही दिली, तेही लिहिते, नाही तर गोष्ट खोटी होईल. साहेब होते तोवर आठ दिवस मिलो नीट मिळाली, मग आमच्या घराला ती कायम अपुरी पडायला लागली. उन्हाळाभर आम्ही चौसाळ्याकडं रस्त्याच्या कामावर खडी फोडली. माझी बोटं तिथं चेपली, ती अजून वाकडी आहेत. आजीनं घुंगरं तोडून कोरड्या विहिरीत टाकली, एकेक, आणि प्रत्येक वेळी कान देऊन ऐकलं. त्या वर्षी पोळा आला तेव्हा गावात बैल जवळजवळ उरलेच नव्हते. हलगी वाजली नाही. आबा सकाळी उठले, अंघोळ केली. पट्टा बांधायला गेले तर सैल. दुष्काळानं कंबर पार आत गेलेली. आजीनं मिलोच्या गोणीच्या दोन घड्या करून सदऱ्यावरून त्यांच्या कमरेभोवती बांधल्या, वरून पट्टा. खट. आणि आबा एकटे वेशीतून चालत गेले, जिथून बैल जायचे तिथूनच, चेअरमनच्या दारावरून. दार आतून लावलेलं होतं. आबा दाराकडं बघत थांबले, अगदी निवांत, आणि मग परत आले. मी मागं होते. सात भोकांतून आतलं गोणीचं पांढरं दिसत होतं.

परवा चेअरमनचा नातू आला होता. मोटारीतून, चांगला शिकलेला, आजी आजी करत पाया पडला. म्हणाला, शाळेच्या नव्या इमारतीत गावाच्या जुन्या वस्तूंची खोली करतोय, पट्टा तिथं ठेवू, खाली लिहू, दोन्ही घराण्यांचा वारसा. "आजी, झालं गेलं विसरायला पाहिजे." पोरगं वाईट नाही. चहा दिला मी त्याला, खारी दिली. मग पट्टा काढून त्याच्या हातात दिला. "लाव बरं," मी म्हटलं. त्यानं चकती समोरून दाबली. वरून दाबली. खालून दाबली. माझी सून मदत करायला पुढं झाली, मी तिला हातानं अडवलं. त्याचा चहा निवत होता. मी बघत बसले.